सेप्टिक टँकच्या कामासाठी ठेकेदार कसा निवडावा?

शौचालयाचे पाणी तुंबते, तीन ठेकेदारांनी तीन वेगवेगळे खर्च सांगितले आहेत, तर काम कोणाला द्यावे, असे आपण विचारले आहे. खर्चाचे आकडे तूर्त बाजूला ठेवावेत आणि या तिघांपैकी टाकीचे झाकण कोणी उघडायला लावले, हे आधी आठवून पाहावे, असे मला वाटते.

आमच्या घरी हाच त्रास सुरू झाला, तेव्हा पहिल्या ठेकेदाराने अंगणात उभ्या उभ्याच 'टाकी लहान पडते, मोठी बांधा' असे सांगितले आणि आम्ही आगाऊ रक्कम द्यायलाही तयार झालो होतो. दुसऱ्याने मात्र आधी टाकी उपसायला लावली, आणि पातळी खाली जाऊ लागताच शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपातून पाणी उलटे टाकीत येताना त्याने आम्हाला दाखवले. टाकीत दोष नव्हताच. कित्येक वर्षे उपसा न केल्यामुळे गाळ पुढे वाहत गेला होता आणि शोषखड्ड्याभोवतीची माती पाणी घेईनाशी झाली होती. नवी टाकी बांधली असती, तर तीही तशीच तुंबली असती.

सेप्टिक टँक बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत कायम भरलेलाच असतो, त्यामुळे आत पाणी दिसते म्हणून 'टाकी भरली' म्हणणाऱ्यावर विसंबू नये. मोजायचा असतो तो तळाचा गाळ आणि वरचा तवंग. दोन्ही मिळून टाकीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापत असतील तर उपसा करावा लागतो, आणि साधारणपणे ही वेळ 3 ते 5 वर्षांनी येते.

शोषखड्डा नव्याने करायचा झाल्यास ठेकेदाराने जमिनीची परीक्षा करायला हवी. त्यासाठी खड्डा खणून तो आधी पाण्याने पुरता भिजवतात आणि नंतर भरलेले पाणी किती वेळात किती उतरते, हे मोजतात. भर पावसाळ्यात भूजल कुठवर चढते आणि जवळ विहीर किंवा बोअर आहे का, हे त्याने न विचारताच जागा दाखवली, तर मी त्याला काम देणार नाही. टाकी नवी असेल, तर आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्या पाइपापेक्षा 5 ते 7 सेंटिमीटर उंच असावा आणि दोन्हींना टी (T आकाराचे पाइपजोड) जोडलेले असावेत. भराव घालण्यापूर्वी टाकी पाण्याने भरून 24 तास पातळी पाहावी, कारण गळती नंतर सापडत नाही. शिवाय भूजल वर असलेल्या जागी रिकामी टाकी खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाण्याचा धोकाही असतो.

ही सगळी कामे, साहित्य आणि उपसलेला मैला कुठे नेऊन टाकणार, हे दरपत्रकात लिहून घ्यावे. शेवटचा हप्ता पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्यास त्याची लेखी संमती घ्यावी, आणि बुजवण्यापूर्वी पाइपांची छायाचित्रे काढून झाकणाचे घराच्या दोन कोपऱ्यांपासूनचे अंतर नोंदवून ठेवावे.

एका बाबतीत मात्र कोणतीही तडजोड करू नये. टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, म्हणून 'आता वास गेला' असे समजून उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळू शकतो आणि त्याला वाचवायला उतरणाराही त्याच्यासोबत जातो. उपसा सक्शन टँकरने, बाहेरूनच व्हायला हवा. करार करण्यापूर्वी 'गाळ घट्ट बसला असेल तर काय कराल?' असे प्रत्येकाला स्पष्ट विचारावे, आणि 'आमचा माणूस आत उतरेल' असे उत्तर आले, तर त्याचा दर कितीही कमी असला तरी बोलणी तिथेच थांबवावीत.