वहीवर मार्कच नाहीत, मग मी पास की नापास?

"मॅडम, सरनं वहीवर मार्कच नाई देल्ले. मी पास हाय का नापास, हेच मले समजून नाई रायलं."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. दिवाळीनंतर बी.ए. दुसऱ्या वर्षाची ही मुलगी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अर्थशास्त्राचा तास असला की सकाळी पोटात दुखायचं, मग एसटी चुकायची. घरी तीन एकर कोरडवाहू. दहावीला 84 टक्के पडले होते, ते बाबा अजूनही आल्यागेल्या पाहुण्याला सांगतात. आणि आता वही परत येते ती नुसती शेऱ्यांची, आकडा नाही.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. गुणांऐवजी लेखी अभिप्राय द्यायचा, त्यावरून काम पुन्हा लिहू द्यायचं, अशी पद्धत काही प्राध्यापक आता वापरतात. शाळेपासून आकड्याच्या सवयीत वाढलेल्या मुलांचा त्यात जीव घाबरा होतो.

मी तिला वही उघडायला सांगितली. कापसाच्या विक्रीवर चार पानं लिहिली होती. समासात सरांचा शेरा होता. "मोठ्यानं वाच," म्हटलं. ती अडखळत वाचू लागली: "हमीभावाचा अर्थ बरोबर. पण तुझ्या गावात खेडा खरेदीत कापूस काय भावानं जातो, कास्तकार तिथंच का विकतो, हे तू पाहिलेलं आहेस. ते लिही."

(खेडा खरेदी म्हणजे व्यापारी गावात येऊन कापूस विकत घेतो ती.) वाचता वाचता ती थांबली. हा शेरा तिनं आधी वाचलाच नव्हता. "लाल शाई पाह्यली न वही बंद केली मी." लाल शाई म्हणजे चूक, हे तिला पहिलीपासून माहीत होतं. सरांनी त्याच शाईनं तिला सांगितलं होतं की तुझ्याजवळ पुस्तकात नसलेलं काहीतरी आहे.

रुथ बटलर या संशोधिकेनं इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त अभिप्राय मिळाला, त्यांचं पुढचं काम सुधारलं. अभिप्रायाशेजारी गुणही दिले, तिथं तो फायदा दिसला नाही. आकडा दिसला की डोळे तिथंच अडकतात, हे मी माझ्या खोलीतही रोज पाहते. पण या मुलीनं मला दुसरी गोष्ट शिकवली: आकडा सवयीचा असला, तर तो नसतानाही मूल त्यालाच शोधत राहतं आणि शेरा तसाच राहून जातो. म्हणून आकडा काढण्याआधी मुलांशी बोलावं लागतं. सरांचा हेतू चांगला होता, बोलणं मात्र राहून गेलं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिचे बाबा आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. "पोट्टी नापास असून सर सांगत नाई, असं तं नाई ना मॅडम?" मी समजावलं, काम अपुरं असलं तर सर सुधारून आणायला सांगतात, शिक्का मारत नाहीत. त्यांनी थोडा विचार केला. "म्हंजे सरकारी खरेदीत कापूस जिनिंगच्या कारखान्यावर नेल्यावानी. ओलावा 12 टक्क्याच्या वर निंगाला की कापूस तपासनारा ग्रेडर तो घेत नाई. वाळवून आना म्हनते."

"हो काका, तसंच."

"पन तो आकडा सांगते ना. 8 पर्यंत पुरा भाव, त्याच्या वर कपात. किती वाळवाचा हे आमाले समजते. हिले कसं समजन?"

त्या प्रश्नापुढं माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि तो योग्यच होता. मी तो जसाच्या तसा सरांपुढं ठेवला. सरांनी मनावर घेतलं. पुढच्या तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, काम 'पूर्ण' कधी धरायचं: संकल्पना स्वतःच्या शब्दांत, गावातलं एक तरी खरं उदाहरण, हिशेब मांडलेला, आणि निष्कर्षाला कारण. यातलं काही राहिलं तर 'अजून काम हवं', आणि दोनदा पुन्हा लिहायची मुभा. विद्यापीठाला अंतर्गत गुण शेवटी आकड्यातच कळवायचे असतात, म्हणून किती कामं पूर्ण झाली की किती गुण, तेही सांगून टाकलं. सत्तर वह्यांवर लांब शेरे लिहिणं एका माणसाला झेपत नाही. आता मुलं आधी एकमेकांची वही फळ्यावरच्या यादीशी ताडून पाहतात.

तुमच्या वर्गात अशी पद्धत असेल तर रात्री जागून झुरू नका. काम पूर्ण कधी धरता आणि अंतर्गत गुण कशावरून देता, एवढं सरांना नाहीतर मॅडमना सरळ विचारा. ते विचारणं उद्धटपणा नाही. आणि शेरा मैत्रिणीकडून मोठ्यानं वाचून घ्या.

मुलीनं काम पुन्हा लिहिलं. वेचणीच्या दिवसांत रात्री बाबांना विचारून खेडा खरेदीचा भाव, वजनकाट्यातली घट, मजुरांची रोकड, सगळं मांडलं. पोटदुखी एकदम गेली नाही. परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी तिच्या पोटात पुन्हा दुखलं. "मॅडम, किती पडतीन?" हे ती अजून विचारते आणि मी तिला रागावत नाही.

गेल्या आठवड्यात ती तिसरी वही घेऊन आली. सरांनी लिहिलं होतं, "कास्तकारानं थांबून विकलं तर जास्त भाव मिळू शकतो." त्याखाली तिनं बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं: "सर, इथे मला वेगळं वाटतं. थांबायला घरात पैसा लागतो. आमच्याकडे वेचणीची मजुरी त्याच आठवड्यात द्यावी लागते."