पाचवीतला मुलगा शाळेतून आल्यापासून गप्प असतो. घरच्या घरी काय करता येईल?

ताई, आधी 'काय झालं, काय झालं' हे विचारणं चार दिवस बंद करा. समोर बसवून विचारलं की लेकरू आणखी मिटतं. हाताला काम अन् नजर खाली असली की आपोआप बोलतं.

आमच्या परभणीकडं हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायला बसतो. माझी पोरगी अर्धं पातेलं भरेपर्यंत गप्प होती. मग शेंगेतली अळी झटकत म्हणाली, "डबा खाताना मला कुणी जवळ बसू देत नाही." उपदेश अगदी ओठावर आला होता, गिळला. "वाईट वाटलं असेल गं," एवढंच म्हणाले अन् सोलत राहिले. पुढचं तिनंच सांगितलं.

शेंगा नसल्या तर शेरडाला पाला टाकणं, पाणी भरणं, काहीही चालेल. रोज २० मिनिटं, मोबाइल लांब. झोपेची वेळ तेवढी सांभाळा.

मात्र दोन आठवडे झोप, जेवण, खेळ सगळंच बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मरणाची भाषा आली तर थांबूच नका, लगेच फोन लावा अन् लेकराला एकटं सोडू नका.