उष्ण हवामानात बाग असलेल्या भाड्याच्या घरात नुकतेच राहायला आलो आहोत. घर खूप तापतं आणि बाग अर्धी वाळलेली दिसते. सगळं उकरून नव्याने लावावं का?

नका उकरू. निदान पहिले दोन महिने तरी एकही झाड उपटू नका. घर तापण्याचं नंतर बोलू, कारण त्यावर कधीही उपाय करता येतो. तोडलेलं झाड मात्र परत येत नाही.

मी असंच एक घर भाड्याने घेतलं होतं. कुंपणापाशी एक पान नसलेलं, नुसत्या जाड काठ्यांचं झाड होतं. मेलेलं समजून पहिल्याच आठवड्यात तोडायला घेतलं, तर फांदीतून पांढरा चीक ओघळायला लागला. तो चाफा होता. कोरड्या दिवसांत चाफा पानं गाळून स्वस्थ उभा राहतो आणि पुढे आपोआप फुटतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरमालकीणबाईंना ते सांगताना जीभ रेटेना. त्यांच्या आईने लावलेलं झाड होतं ते. अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासून मी आधी नख लावून बघते. बारीक फांदीची साल जराशी खरवडायची. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. शेंडा कोरडा निघाला तर खाली सरकत जायचं. कित्येकदा वरचा भाग गेलेला असतो, पण बुंध्याशी जीव असतो.

या दोन महिन्यांत ऊन कसं फिरतं ते बघा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता कागदावर बागेचा नकाशा काढून सावली कुठे पडते ते रेखाटा. नुसतं ‘भरपूर ऊन येतं’ म्हणून भागत नाही. सकाळचं ऊन बहुतेक झाडांना मानवतं, पश्चिमेचं दुपारनंतरचं ऊन नाजूक पानं करपवतं.

मातीचीही परीक्षा घ्या. (कुदळ मारण्याआधी पाण्याचे नळ, सांडपाण्याचे पाइप आणि विजेच्या तारा जमिनीखालून कुठून गेल्यात ते मालकांना विचारा.) साधारण फूटभर खोल खड्डा करून त्यात पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदाही झटकन जिरलं तर माती रेताड. अर्धा दिवस तसंच साचून राहिलं तर निचरा वाईट, तिथे रोज पाणी घातलंत तर मुळं कुजतील.

पाणी द्यायचं ते पहाटे किंवा सकाळी लवकर, आळ्यात आणि भरपूर. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी झाड मान टाकतं. आळ्यात दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. उन्हाळ्यात एवढ्या एकाच गोष्टीने पाण्यात मोठा फरक पडतो. वाळलेली पानं जाळू नका किंवा टाकून देऊ नका, तेच तुमचं आच्छादन.

तुमची स्वतःची हौस कुंड्यांत भागवा. घर सोडताना त्या सोबत नेता येतात. तापलेल्या फरशीवर कुंडी थेट ठेवू नका, खाली दोन विटा द्या. कुंड्यांखालच्या बश्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात आणि काही डासांची अंडी बशीच्या कडेला चिकटून राहतात.

आता घर. संध्याकाळी जास्त तापत असेल तर बहुधा पश्चिमेची भिंत आणि खिडक्या. आतल्या पडद्याने फारसं साधत नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. ते बाहेरच अडवा: चटई, शेडनेट किंवा मोठ्या कुंडीतला वेल. वेल भिंतीवर चढवू नका, गिलावा खराब होतो आणि अनामत रकमेवरून वाद होतात. भिंतीपासून वीतभर लांब दोऱ्या ताणून त्यावर चढवा. भर दुपारी खिडक्या बंद ठेवा. बाहेरची हवा गार झाली की समोरासमोरच्या उघडा.

आणि मालकांना एकदा बागेत बोलावून घ्या. कोणतं झाड कुणी लावलं, कोणतं कधी फुलतं, कशाला हात लावलेला चालणार नाही, हे त्यांच्याबरोबर फिरतच विचारा. ठरेल ते लिहून ठेवा आणि आजच्या तारखेचे बागेचे फोटो त्यांनाही पाठवा.