स्मार्ट उपकरणं लीजवर किंवा सब्स्क्रिप्शनवर द्यायची असतील तर कारभार कसा सांभाळावा?

तुम्ही विचारलंय की घरातली इंटरनेटला जोडलेली उपकरणं विकण्याऐवजी लीजवर किंवा मासिक सब्स्क्रिप्शनवर द्यायची आहेत, तर बिलिंगचं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं आणि हा सगळा पसारा सांभाळायचा कसा. अशाच एका योजनेचं कामकाज मी काही वर्षं पाहिलंय. सॉफ्टवेअरकडे शेवटी येतो, कारण आमची खरी दमछाक बिलिंगमध्ये झालीच नाही. ती झाली परत आलेल्या खोक्यांपाशी.

आम्ही तान्ह्या बाळावर लक्ष ठेवायचे कॅमेरे महिन्याच्या भाड्याने देत होतो. भाड्याने द्यायला याहून योग्य वस्तू नाही. बाळ मोठं झालं की कॅमेऱ्याचं काम संपतं आणि तो दुसऱ्या घरी जाऊ शकतो. एके दिवशी एका जुन्या ग्राहक बाईंचा फोन आला. कॅमेरा परत करून त्यांना दोन महिने झाले होते. फोनमधलं ॲप काढून टाकण्याआधी त्यांनी ते सहज उघडलं, तर त्यात एक पाळणा दिसत होता. त्यांच्या घरातला नव्हे. बाई चांगल्या होत्या, त्यांनी ॲप लगेच बंद करून आम्हाला कळवलं.

झालं होतं असं: गोदामात आमच्या माणसाने रीसेटचं बटण दहा सेकंद दाबलं, दिवा लुकलुकला, त्याने यादीवर खूण केली. त्याचं काम त्याने चोख केलं होतं. पण त्या बटणाने फक्त कॅमेऱ्यातला वाय-फायचा पासवर्ड पुसला जायचा. सर्व्हरवर तो सिरीयल नंबर बाईंच्या खात्याला बांधलेलाच राहिला होता. नव्या घरी कॅमेरा जोडला गेला तेव्हा आमच्या प्रणालीने नव्या ग्राहकाला ‘कुटुंबातला आणखी एक सदस्य’ समजून आत घेतलं. त्या रात्री परत आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचं जुनं खातं आम्ही एकेक करून तोडत बसलो. नव्या कुटुंबाला फोन करून झाला प्रकार सांगितला. तो फोन मी केला होता, आणि तसा फोन तुम्हाला कधी करावा लागू नये म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

यावरून माझं ठाम मत झालं: नोंद ग्राहकाच्या नावावर ठेवू नका, उपकरणाच्या सिरीयल नंबरवर ठेवा. ग्राहक येतो आणि जातो, उपकरण तीन-चार घरं फिरतं. विक्रीच्या धंद्यातून आलेली माणसं ‘ऑर्डर पोहोचली, विषय संपला’ अशा सवयीने प्रणाली उभी करतात. लीजमध्ये ऑर्डर पोहोचली की विषय सुरू होतो. प्रत्येक नंबरची एका वेळी एकच अवस्था असली पाहिजे: गोदामात, वाटेत, ग्राहकाकडे चालू, थकबाकीत, परतीच्या वाटेवर, तपासणीत, दुरुस्तीत किंवा भंगारात. आणि ‘तपासणीत’मधून ‘गोदामात’ जाण्याची परवानगी माणसाच्या खुणेने मिळू नये. जुनं खातं तुटल्याचं सर्व्हरने स्वतः सांगितल्याशिवाय ती मिळताच कामा नये. डेटा पुसण्यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची ‘८००-८८’ ही मार्गदर्शिका चांगला आधार आहे. साधं पुसणं, प्रयोगशाळेतही परत मिळणार नाही असं पुसणं आणि माध्यमच नष्ट करणं, अशा तीन पायऱ्या तिने केल्या आहेत. कॅमेरा किंवा माइक असलेल्या वस्तूसाठी कुठली पायरी, हे पहिलं खोकं बाहेर पडायच्या आधी ठरवा.

दुसरं काम आठवड्यातून एकदा करायचं, आणि ते चुकवायचं नाही. बिलिंग, गोदाम आणि सर्व्हर, तिघांच्या याद्या समोरासमोर लावायच्या. मग तीन प्रकारची उपकरणं वर येतात. पैसे थांबलेत पण उपकरण चालू आहे. गोदामाच्या हिशेबी ते फळीवर आहे, पण सर्व्हरला कुठून तरी त्याचा सिग्नल येतोय. आणि पैसे नियमित येताहेत, पण उपकरण तीन महिने मुकं आहे. या तिसऱ्या यादीकडे काणाडोळा करायचा मोह होतो, कारण तिथे पैसे मिळतच असतात. करू नका. त्या ग्राहकाला फोन करा, उपकरण बिघडलंय की नको झालंय ते विचारा. नको असेल तर परत घ्या.

थकबाकीबद्दल. हप्ता चुकला म्हणजे ग्राहक बुडवा आहे असं समजू नका. बऱ्याचदा कार्डाची मुदत संपलेली असते, इतकंच. आधी आठवण, मग काही दिवसांनी पुन्हा वसुलीचा प्रयत्न, मग जास्तीच्या सोयी बंद, अशा पायऱ्या ठेवा. पण दाराचं कुलूप, धुराचा सेन्सर, आजारी माणसाच्या उशाशी असलेलं कुठलंही यंत्र दूरवरून बंद करायचा अधिकार तुमच्या प्रणालीत कुणाकडेच असू नये. अशा ठिकाणी नुकसान सोसा, वस्तू रीतसर परत मागवा.

तशी मोजून भाडं घ्यायची कल्पना जुनीच आहे. झेरॉक्सचं ९१४ हे कॉपी मशीन १९५९ मध्ये आलं तेव्हा ते लीजवरच जायचं: मासिक भाड्यात २००० प्रती, पुढे प्रत्येक प्रतीचे वेगळे पैसे, आणि मोजायला यंत्रातच मीटर. फरक असा की ते मशीन कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून नव्हतं. घरातले दिवे आणि कुलपं चालवणारं रिव्हॉल्व्ह हे हब बनवणारी कंपनी गूगलच्या नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने २०१४ मध्ये घेतली, मे २०१६ मध्ये सेवा बंद केली, आणि लोकांच्या घरातली हब निकामी झाली. म्हणून सर्व्हर आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे करारात तारखेसह लिहा. ब्रिटनमध्ये अपडेटचा किमान काळ जाहीर करणं उत्पादकांना २९ एप्रिल २०२४ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे.

गोदामातलं उपकरणही झोपून राहत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडली तर कायमची जाते. साधारण अर्धी भरून ठेवा आणि मधूनमधून बघा. फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं होतं. उपकरणाची ओळख पटवणाऱ्या आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपते. मार्च २०२५ मध्ये टीव्हीला लावायची गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणं अशाच संपलेल्या प्रमाणपत्रामुळे अचानक बंद पडली, आणि ज्यांनी वैतागून फॅक्टरी रीसेट केला त्यांची अडचण आणखी वाढली. परत आलेला प्रत्येक नग तुम्ही रीसेटच करणार आहात, तेव्हा खोकं बंद करण्याआधी तो एकदा ताज्या फर्मवेअरवर सर्व्हरशी जोडून बघाच.

हिशेबाचं थोडक्यात: उपकरणाची जोखीम आणि फायदा ग्राहकाकडे गेला तर तो फायनान्स लीज, नाहीतर ऑपरेटिंग लीज. ऑपरेटिंग असेल तर वस्तू तुमच्याच ताळेबंदात राहते आणि घसारा तुम्ही धरायचा. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ या लीजच्या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे आहे. ॲप आणि सेवेचा भाग वेगळा दाखवावा लागतो. दर ठरवायच्या आधी सीएबरोबर बसा, नंतर नको.

ग्राहकांशी सगळ्यात जास्त भांडणं मात्र एकाच गोष्टीवरून झाली. भाडं थांबणार कधी? आम्ही आधी ‘गोदामात तपासणी झाल्यावर’ असं ठेवलं होतं. तपासणी रखडायची आमच्यामुळे आणि भाडं भरायचा ग्राहक. ते चूक होतं. कुरियरने खोकं उचललं त्या दिवशी भाडं थांबलं पाहिजे. पाठवतानाच परतीचं लेबल आत घाला, खोकं पुन्हा वापरता येईल असं घ्या, आणि चार्जर कुठल्या खाचेत बसतो ते झाकणाच्या आत चित्राने दाखवा. चार्जर हरवण्याचं प्रमाण आमच्याकडे त्या चित्रानेच कमी झालं.

आता सॉफ्टवेअर. विक्रेता डेमो द्यायला आला की त्याला नवा ग्राहक जोडून दाखवायला सांगू नका, ते सगळ्यांना जमतं. त्याला सांगा: ‘हा सिरीयल नंबर महिन्याच्या १७ तारखेला परत आलाय, चार्जर नाही, उरलेल्या दिवसांचे पैसे परत द्यायचेत, डिपॉझिटमधून चार्जर वजा करायचाय, आणि परवा हाच नंबर दुसऱ्या ग्राहकाला पाठवायचाय.’ हे तो तुमच्यासमोर, एक्सेल न उघडता, एकाच पडद्यावर करू शकला तर पुढची बोलणी करा.