आधी थेंब, मग फ्रेम

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. शाळेच्या तपासणीत लेकीचा डावा डोळा अधू निघाला, दुकानात मशीनवर नंबर काढला आणि चष्म्याची किंमत ऐकून तू तशीच घरी परतलीस. परतलीस ते बरंच केलंस. किंमत परवडणारी असती तरी त्या मशीनच्या चिठ्ठीवर पोरीचा चष्मा करू नकोस असंच मी म्हटलं असतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना मी नेमकं तेच केलं होतं. त्याने मशीनवर हनुवटी टेकवली, आतलं चित्र पाहिलं, मिनिटभरात चिठ्ठी बाहेर. मायनस नंबर. घरखर्चातून ओढून पैसे काढले, चष्मा केला. तो चष्मा घालेना, मी रोज ओरडायची. चार महिन्यांनी एका डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं, तेव्हा कळलं की मायनस नव्हताच. उजव्या डोळ्याला चांगला जाड प्लस नंबर होता आणि तो डोळा हळूहळू काम सोडत चालला होता. पोरगं खरं बोलत होतं, चिठ्ठी खोटं बोलत होती.

कारण साधं आहे. मुलांच्या डोळ्यातला, जवळचं बघताना आवळला जाणारा स्नायू फार तगडा असतो. मशीनमध्ये डोकावताना तो आपोआप आवळतो. त्याने प्लस नंबर लपतो आणि नसलेला मायनस दिसतो. थेंबांनी तो सैल पडतो. सायक्लोपेंटोलेट नावाचे थेंब घातले तर साधारण दिवसभर जवळचं धूसर दिसतं, ॲट्रोपिन घातलं तर आठवडा-दोन आठवडेही. मग डॉक्टर अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपची उजेडाची पट्टी डोळ्यावरून इकडून तिकडे फिरवतात, मध्ये एकेक काच धरतात आणि बाहुलीतली चमक कशी सरकते ते पाहून नंबर ठरवतात. यात मुलाला एक शब्द बोलावा लागत नाही. म्हणजे ‘अजून अक्षरं येत नाहीत, मोठी झाल्यावर बघू’ असं कुणी सांगितलं, तर ऐकू नकोस. अक्षरं न येणाऱ्यांसाठी वेगळे तक्तेही आहेत. फिनलंडच्या डॉक्टर लेआ ह्युवॅरिनेन यांनी १९७६ साली केलेल्या तक्त्यावर सफरचंद, घर, गोल आणि चौकोन एवढंच असतं.

तक्त्यावरून आठवलं. तपासताना तिचा चांगला डोळा तुझ्या तळहाताने झाक, तिच्या हाताने नको. माझा लेक बोटांच्या फटीतून बघायचा. एकदा तर पूर्ण ओळ घडाघडा म्हणाला, आणि नर्सने तक्ता बदलला तरी तीच ओळ म्हणत राहिला.

आता पैशाचं. हात आखडायचा तो फ्रेमवर. थेंब घालून होणाऱ्या तपासणीवर नाही. ही तपासणी स्वस्तात मिळायच्या जागा तीन. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला नेत्रविभाग. ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं शास्त्र, शिकवणाऱ्या संस्थेचा दवाखाना. आणि धर्मादाय नेत्र रुग्णालय. पहिल्या दोन ठिकाणी विद्यार्थी तपासतील, मग वरिष्ठ पुन्हा बघतील. वेळ दुप्पट जातो, पण दोन माणसांचे डोळे लागतात हा फायदाच म्हण. धर्मादाय ठिकाणी कमी प्रतीचं मिळेल ही भीती मलाही होती. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलं, आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या पैशावर फुकट येणाऱ्यांचे उपचार तिथे होत आले. डॉक्टर दोन्हीकडे तेच. त्यामुळे ‘फुकट’ शब्दाला बिचकू नकोस. तिथे थेंब घालून तपासतात का, तेवढं बघ.

जाण्याआधी फोन कर. मुलांचे डोळे बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, हा पहिला प्रश्न. हा न विचारल्याने मी दोनदा रजा वाया घालवली. थेंबांची तपासणी त्याच फीमध्ये की वेगळी, पुन्हा दाखवायला आल्यावर पूर्ण फी का, तेही विचार. सवलतीची सोय काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची खोली कुठे आहे ते विचारून थेट तिथे जा. लाज वाटेल. वाटू दे, तरी जा. आणि नंबराचा कागद हातात घेतल्याशिवाय उठू नकोस. तो तुझा आहे. चष्मा कुठेही करता येतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर त्यावर लिहून मागितलंस तर उत्तम.

‘शाळा सुटली की सुट्टीत बघू’ असं तू लिहिलंयस, ते मात्र मला पटलं नाही. ह्यूबेल आणि वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांची एक पापणी लहानपणी शिवून ठेवली होती. नंतर टाके काढले, डोळा धडधाकट होता, पण मेंदूने त्या डोळ्याशी व्यवहार थांबवला होता. मोठ्या मांजरांवर तसं केलं तर काही बिघडत नव्हतं. दृष्टीवरच्या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. आळशी डोळा म्हणतात तो हाच प्रकार: दोष नंबराचा असतो, शिक्षा मेंदू देतो. सात वर्षांच्या आत उपचार सगळ्यात चांगले लागू पडतात. त्यानंतरही काहींना फरक पडतो, पण त्या भरवशावर राहू नये. तुझी लेक सहाची आहे.

उपचार महागडे असतात असं तुला वाटतंय. बरेचदा नसतात. दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असल्याने डोळा आळशी झाला असेल, तर साधारण चारातल्या एका मुलाला नुसता योग्य चष्मा पुरतो. नाही पुरला तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. डोळा मध्यम प्रमाणात आळशी असलेल्या सात वर्षांखालच्या मुलांना रोज दोन तास आणि सहा तास अशा दोन गटांत पट्टी लावून अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांनी पाहिलं. २००३ च्या त्या अभ्यासात चार महिन्यांनी दोन्हीकडची सुधारणा सारखीच निघाली. तास डॉक्टर ठरवतील, पण दोन सांगितले तर ‘जास्त लावलं तर लवकर बरं होईल’ म्हणून सहा करू नकोस. पट्टी कातडीला चिकटव, वरून चष्मा. चष्म्याच्या काचेवर लावलीस तर ती बाजूने बघणारच. पट्टी अजिबात सहन झाली नाही, तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचा थेंब हाही मार्ग आहे, त्याबद्दल विचार.

चष्म्याच्या दुकानात तुला बरंच काही विकतील. पॉलिकार्बोनेटची काच घे, ती सहजी फुटत नाही. एकच डोळा नीट चालणाऱ्या मुलाला तर ती हवीच. पातळ काच नंबर फार मोठा असेल तरच. निळा प्रकाश अडवणारं कोटिंग सोडून दे. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या, डोळ्यांचा थकवा त्याने कमी होतो असं काही दिसलं नाही. फ्रेम साधी, पण नाकावर घट्ट बसणारी. घसरली की पोरं काचेच्या वरून बघतात. पुढच्या वेळी नंबर बदलला आणि फ्रेम शाबूत असली, तर नुसत्या काचा बदल. कुणाचा जुना चष्मा दान मिळाला तर तो तिला लावू नकोस, फ्रेम कामाची असेल तर तेवढीच वापर.

आणखी एक, यात पैशाचा विचारच करायचा नाही. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत तिची एखादी बाहुली पांढरी दिसली किंवा डोळा अचानक तिरळा झाला, तर स्वस्त जागा शोधत बसू नकोस. जवळ जे नेत्रविभाग असेल तिथे त्याच दिवशी जा. बहुतेक वेळा साधंच काही निघतं, पण डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असाच दिसतो.

थेंब घालायला जाताना टोपी ने, परतताना उजेड खुपतो. दुसऱ्या दिवशी गृहपाठ होणार नाही, तशी चिठ्ठी तिच्या बाईंना आधीच दे. बाईंना काय कळणार, असं मनात म्हणू नकोस, मीही बाईच होते. नंबराचा कागद मिळाला की त्याचा फोटो पाठव.

तुझी,
बाई

ता. क. पट्ट्या आणशील तेव्हा एक जादा घे. माझ्या लेकाने पहिली पट्टी आधी त्याच्या लाकडी घोड्याला लावली, मगच स्वतःला लावू दिली.