टोमॅटोची रोपं बाहेर नेण्याची घाई नको

घरात खिडकीत वाढवलेली टोमॅटोची रोपं काडीसारखी लांबुडकी झालीत, खत कमी पडलं का, आता बाहेर नेऊ का, असं विचारलंत. रोपं अशी होतात ती खताअभावी नव्हे, उजेडाअभावी. खिडकीतला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, रोपाला पुरत नाही. एलईडी दिवा लावणार असाल तर शेंड्यापासून वीतभर वर, रोज १४ ते १६ तास. पाणी मात्र बेतानं. माती सतत ओलीगच्च राहिली की खोड मातीलगत कुजतं आणि रोप एका रात्रीत आडवं होतं.

बाहेर नेताना बहुतेक जण फसतात. मीही फसलो: पहिल्याच दिवशी अख्खा ट्रे भर उन्हात ठेवला, दोन दिवसांत पानं पांढरी! आधी सावलीत तासभर, मग रोज थोडं जास्त ऊन, थोडा जास्त वारा. यात ७ ते १० दिवस जाऊ द्या. रात्रीचं तापमान १० अंशांखाली उतरत असेल तर रोपं घरातच बरी.

लावणी संध्याकाळी करा. खालची पानं खुडून खोड खोल पुरा. फारच उंच रोप असेल तर चर खणून त्यात आडवं निजवा, शेंडा तेवढा वर ठेवा. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे तुमची लांबुडकी रोपंही वाया जायची नाहीत.