मासोळी वर येऊन तोंड का उघडते?

प्रश्न : लेकीच्या वाढदिवसाला दोन गोल्डफिश आणल्या होत्या, काचेच्या गोल भांड्यात ठेवल्या. मे महिन्यात रोज सकाळी दोघी वर येऊन तोंड उघडझाप करायच्या, मला वाटलं भूक लागली म्हणून खाणं वाढवलं. मग पाणी गढूळ झालं तर सगळं फेकून नळाचं ताजं पाणी भरलं, संध्याकाळपर्यंत दोघी गेल्या. लेक विचारते, पाण्यात राहणारी मासोळी गुदमरते कशी?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, वाचून खूप वाईट वाटलं. लेकीला सांगा की मासोळीलाही आपल्यासारखाच ऑक्सिजन लागतो, फक्त ती तो पाण्यातून घेते. बऱ्याच जणांना वाटतं की एचटूओमधला ऑक्सिजन ती वेगळा करते, पण तसं नाही, तो हायड्रोजनला घट्ट बांधलेला असतो. हवेतला थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, साखर विरघळते ना तसा, मासोळी जगते ती त्याच्यावर. आणि तो असतो किती थोडा! एक लिटर हवेत २७० मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असतो, आणि २० डिग्रीच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ९.

एवढ्याशा ऑक्सिजनवर भागतं ते कल्ल्यांमुळे. भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात गेलात तर ताज्या मासोळीचं गालावरचं झाकण उचलून लेकीला दाखवा, आत कंगव्याच्या दातांसारखे लालचुटूक बारीक तंतू दिसतील, ते लाल असतात कारण रक्त अगदी पातळ पडद्यामागे वाहत असतं. तोंडातून घेतलेलं पाणी या तंतूंवरून बाहेर जातं, रक्त मात्र उलट दिशेने वाहतं, त्यामुळे शेवटपर्यंत ऑक्सिजन ओढला जातो, काही मासे तर पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत काढून घेतात. पाण्याबाहेर हेच तंतू ओल्या केसांसारखे एकमेकांना चिकटतात, म्हणून हवेत एवढा ऑक्सिजन असूनही मासोळी तडफडते.

आता तुमच्या भांड्याचं. पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो, ३० डिग्रीला साडेसात मिलिग्रॅमच, आणि गरम पाण्यात मासोळीला लागतो मात्र जास्त. आपल्या नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ ला टेकतो, घरातलं पाणीही कोमट होतं. त्यात गोल भांडं काठापर्यंत भरलं की वरचं तोंड लहान, हवा लागणार कुठून? उरलेलं खाणं कुजतं तेव्हा त्यातले जिवाणूही ऑक्सिजन खातात. वर येऊन तोंड उघडणं ही भूक नव्हती ताई, तिचा दम कोंडत होता, वरच्या थरात थोडा जास्त ऑक्सिजन असतो म्हणून ती तिथे येत होती. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आपल्याला ते चालतं, पण तिचे नाजूक कल्ले त्याने भाजल्यासारखे होतात. दुकानदाराने हे सांगायलाच हवं होतं, मला याचा खरंच राग येतो.

तलावातही हेच होतं. सांडपाणी, निर्माल्य, लोकांनी प्रेमाने टाकलेले ब्रेडचे तुकडे, सगळं कुजतं आणि शेवाळ माजतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन देतं पण रात्री तेच घेतं, म्हणून पहाटे तलावात ऑक्सिजन सगळ्यात कमी, आणि मेलेल्या मासोळ्या काठाला लागलेल्या दिसतात त्याही सकाळीच. मरळ, मागूर यांना वर येऊन हवा घेता येते म्हणून त्या तगतात, रोहू-कटलाला ते जमत नाही.

लेकीला परत आणायच्या असतील तर पसरट तोंडाची मोठी टाकी घ्या, एअर पंप लावा, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. पाणी एका वेळी पाव हिस्साच बदला, तेही बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलं, आणि गच्चीवरच्या तापलेल्या टाकीतलं थेट तर अजिबात नको. लाईट गेली आणि मासोळी वर आली तर मासोळीच्याच टाकीतलं पाणी मगाने उचलून वरून धार सोडत राहा, लाईट येईपर्यंत.